एका दुकानात एकच पदार्थ, तोही उभ्याने

शनिवार, १४ जून. फ्रीजरमधला बर्फ काढायला घेतलाय. इतका साचला होता की वरचा खण बंदच होत नव्हता. वाटाणे, ओलं खोबरं, मुलाने ख्रिसमसला आणलेली आणि कोणीच न खाल्लेली अर्धी टर्की, सगळं थंड पेटीत भरलं, खाली जुने टॉवेल अंथरले. आता बर्फ आपोआप सुटेपर्यंत काही करता येत नाही.

टॉवेल अंथरत होते तेव्हाच ॲडलेडहून काकांच्या मुलीचा फोन आला. ती इथेच वाढली, त्यामुळे तिचं मराठी अर्ध्या वाटेत संपतं.

"ताई, डॅड खातच नाहीयेत. नर्स चमचा पुढे करते, ते जस्ट तोंड फिरवतात. डॉक्टर म्हणतात गिळता येतंय, थ्रोट इज फाइन. ही जस्ट वोन्ट."

"बोलतात का?"

"नो. नॉट अ वर्ड. असंच चाललं तर नळी घालावी लागेल म्हणतात. तू एकदा बोलशील?"

उद्या सकाळी त्यांच्या नाश्त्याच्या वेळेला करते, असं सांगितलं. तिने "थँक्स, ताई" म्हटलं आणि रडायला लागायच्या आत फोन ठेवला. बरं केलं. रडणाऱ्या माणसाला फोनवर काय सांगायचं हे मला कधीच जमलेलं नाही.

काका माझ्या नात्यातले नाहीत. इथे वॉलॉंगॉंगच्या हॉस्पिटलात रक्त तपासायच्या लॅबमध्ये मला नोकरी लागली, तेव्हा लहान मुलाला घेऊन मी ज्या घराच्या मागच्या खोल्यांत राहिले, त्या घराचे ते मालक. मूळचे वसईचे, ख्रिस्ती. अर्धं आयुष्य मालवाहू जहाजांवर स्वयंपाकी, उरलेलं पोर्ट केम्बलाच्या पोलाद कारखान्याच्या कँटीनमध्ये. मी ठाण्याची. पहिल्या दिवशी किल्ली हातात देताना त्यांनी विचारलं, "बाय, सुकी मासळी भाजशील का?"

इथे वासावरून भाडेकरूंना काढतात हे मी ऐकून होते. म्हटलं, "छे छे, अजिबात नाही."

त्यांचा चेहरा पडला. "मग तुला खोली देऊन मला काय फायदा?"

त्यांची बायको तेव्हा होती. ती शांत, ठेंगणी, सतत हसणारी. ती गेल्यावरही काका जहाजाच्या मापानेच रांधत राहिले. एकट्या माणसाच्या घरात एवढं मोठं पातेलं. मग आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत कालवण भरून गल्लीत वाटत सुटायचे. समोरच्या ऑस्ट्रेलियन म्हाताऱ्याने एकदा डब्यावर व्हॅनिला वाचून सरळ फ्रीजरमध्ये ठेवलं आणि नातवंडांना वाढायला घेतलं. काकांना त्याचं वाईट वाटलं नाही. "पोरांनी खाल्लं का पण?" एवढंच त्यांनी विचारलं.

शनिवारी मात्र ते घरी रांधत नसत. शनिवारी चालायचं. नियम ठरलेले होते. सुरुवात पाण्यापासून, म्हणजे बंदराच्या दीपस्तंभापासून. एका दुकानात एकच पदार्थ, तोही उभ्याने. बसलं की माणूस मेन्यू मागतो, मेन्यू मागितला की चव गेली. अर्धा तू, अर्धा मी. ज्या दुकानाच्या दारावर पदार्थांचे फोटो असतील तिथे पाय टाकायचा नाही. आणि दोन दुकानांच्या मध्ये घाम येईल एवढं तरी चालायचं. क्राउन स्ट्रीटवरची व्हिएतनामी बेकरी, मग बसने पोर्ट केम्बलाकडे जाऊन कारखान्याच्या मागच्या चढावरची मॅसेडोनियन बाई, तिचा पनीर भरलेला खारा पापुद्र्यांचा रोल, मग पुन्हा पाणी. माझा मुलगा शाळकरी असताना यायचा, मग "आय हॅव स्टफ ऑन" म्हणायला लागला, मग मेलबर्नला गेला. मी जात राहिले. शनिवारी मला दुसरं काही नसायचं.

हे चालणं ते कुठे शिकले, तर स्वीडनमध्ये. गावाचं नाव गोथेनबर्ग, पण तसं म्हटलेलं त्यांना चालत नसे. "योतेबोरी म्हण. तिथले लोक ऐकतील तर हसतील." इंजिन बिघडून त्यांचं जहाज त्या बंदरात सगळा हिवाळा अडकून पडलं होतं. बाकीचे जहाजावर पत्ते कुटत बसले. काका रोज उतरायचे आणि चालायचे.

त्यातली पहिल्या दिवसाची गोष्ट मी किती वेळा ऐकली असेन याला हिशेब नाही. वाटेत समुद्र फार खवळला होता, आणि काकांनी नवस बोलला होता: जमिनीवर पाय ठेवला की जे पहिलं चर्च दिसेल तिथे मेणबत्ती लावीन. बंदरातून निघाले, तर कालव्याच्या काठावर समोरच उतरत्या छपराचं, टोकदार खिडक्यांचं चर्च.

"टोपी काढली," काका सांगायचे. "मान खाली. आत गेलो. पवित्र पाण्याचं भांडं दाराशी उजव्या हाताला असतंच, म्हणून न बघता बोटं बुडवली आणि कपाळाला लावली. गार! आणि वास! वर बघतो तर वेदीच्या जागी हा एवढा मासा, तोंड उघडून."

तो मासळीबाजार होता. तिथले लोकही त्या इमारतीला मासळीचं चर्चच म्हणतात. काकांनी बोटं बुडवली होती ती कोलंबीखालच्या बर्फाच्या पाण्यात.

"मग?" ऐकणाऱ्याने इथे विचारायचं असतं.

"मग काय. कोळीण माझ्याकडे बघतेय. क्रॉस अर्धा झाला होता, तो पुरा केला. अर्धा क्रॉस सोडू नये. तिने एक कोलंबी सोलून पुढे केली. मी उभ्याने खाल्ली. तेव्हापासून हे असं."

"आणि मेणबत्ती?"

यावर त्यांची बायको स्वयंपाकघरातून म्हणायची, "नवस फिटलाच नाही त्यांचा. म्हणून देव पायपीट करवतोय."

ती गेल्यावर हे वाक्य बोलायला कोणी उरलं नाही. काका गोष्ट तिथेच थांबवायचे आणि थोडा वेळ स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायचे.

दोन हिवाळ्यांपूर्वी त्यांना ताप आला. ताप उतरला, पण नाक गेलं ते गेलं. नाक गेलं म्हणजे चवही गेली. त्यांनी मला सांगितलं नाही. मॅसेडोनियन बाईच्या दुकानापाशी त्यांनी आपला अर्धा तुकडा हातात धरला, खाल्ला नाही, आणि मला म्हणाले, "कसा झालाय?"

"चांगला आहे."

"चांगलं तर हवामान पण असतं. कसा झालाय?"

"मीठ मध्यम. तेल जास्त. आंबटपणा नाही."

"हा रिपोर्ट झाला. बाय, मला खायचंय, ॲडमिट नाही व्हायचंय."

मग मला कळलं. मी नाकाच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली, तो म्हणाला परत येईल, नाहीही येणार. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. पण काकांनी खाणं सोडत आणलं. त्यांचं म्हणणं, तोंडात ओला पुठ्ठा चावल्यासारखं वाटतं, आणि पुठ्ठा चावायला ते काही बकरी नाहीत. जहाजाच्या मापाचं पातेलं फडताळात गेलं. शर्टाची कॉलर मानेपासून सुटी दिसायला लागली.

ते खायचे फक्त एका अटीवर. समोरच्याने आधी खाऊन सांगायचं, आणि त्यांना पटेल असं सांगायचं. मला ते जमत नव्हतं. लॅबमध्ये मी दिवसभर आकडे बघते. पण रोज संध्याकाळी कामावरून परतताना आधी पुढच्या घरात त्यांच्याकडे जायला लागले, आणि हळूहळू जमायला लागलं. व्हिएतनामी रोल खाताना एकदा म्हटलं, "पावाची कड टाळ्याला टोचते. मग लोणी येतं. मग गाजर, एकदम आंबट. मिरची येते सगळ्यात शेवटी, बस सुटल्यावर धावत येणाऱ्या माणसासारखी."

काका थांबले. मग खोकल्यासारखं हसले. "सापडली का तिला बस?" म्हणाले, आणि आपला अर्धा रोल संपवला.

तरी वजन उतरतच होतं. डॉक्टरने त्यांच्या मुलीला स्पष्ट सांगितलं, असंच चाललं तर यांना एकटं राहता येणार नाही, ॲडलेडला घेऊन जा. काकांना त्या घरातून हलायचं नव्हतं. त्यांचं म्हणणं, बायको सापडायची झाली तर याच घरात सापडेल. ते असलं काही सहसा बोलत नसत. मी विषय बदलला.

त्याच सुमारास आमच्या लॅबला नवीन यंत्र घ्यायचं ठरलं आणि प्रशिक्षणाला एकीला पाठवणार होते. यंत्रवाल्यांचं प्रशिक्षण सिंगापूरला होतं आणि गोथेनबर्गला. सिंगापूर जवळ होतं. मी गोथेनबर्ग सांगितलं. सुपरवायझर म्हणाली, "यू हेट द कोल्ड." मी म्हटलं, नो वरीज.

काकांनी जेवणाच्या टेबलावर गाव मांडलं. मिठाची बाटली म्हणजे स्टेशन. सुरी म्हणजे कालवा. चहाचा कप म्हणजे लाकडी घरांची वस्ती. "इथे बन. इथे सॉसेज. या पुलाशी तळलेल्या हेरिंग मासळीची गाडी. हेरिंग सोडायची नाही, सगळं त्यासाठीच आहे." मग ठरलं ते असं: मी शनिवारी तिथे चालायचं, व्हिडिओ कॉलवर सांगायचं, आणि मी जे खाईन त्याच्या जवळपासचं ते इथे आपल्या टेबलावर बसून खातील. तिथली सकाळ म्हणजे त्यांची संध्याकाळच्या जेवणाची वेळ. मला हिशेब सोयीचा वाटला. तेवढं तरी पोटात जाईल.

त्या शनिवारी पाऊस आडवा लागला होता. छत्री पहिल्याच कोपऱ्यावर उलटी झाली, ती मी कचऱ्यात टाकली. फोन लावला. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. फोन टोस्टरला टेकवून ठेवलेला, समोर ताटल्या ओळीने मांडलेल्या.

"पाण्यापासून निघालीस का?"

"पाण्यातच आहे, काका. वरून खाली सगळं पाणी."

मासळीचं चर्च जागेवर होतं. आत मात्र नवं केलेलं. "टेबलं आहेत," मी म्हटलं.

"खुर्च्या?" त्यांनी विचारलं. कोणाचा अपघात झाला का विचारावं तसं.

"आहेत."

"बघू नकोस तिकडे. उभी राहा."

मी पावावर रचलेली कोलंबी घेतली आणि एका खांबाला टेकून उभी राहिले. "गार आहे, पण फ्रीजची गार नाही, पाण्यातली. दाताखाली टच्कन तुटते. आधी गोड, मीठ मागून. वर मेयोनीज आहे, ते उगीच."

"शेपू?"

"आहे. पण आपल्यासारखा उग्र नाही. शेपूच्या जुडीवरून नुसता हात फिरवल्यासारखा."

त्यांनी डोळे मिटले आणि आपल्या ताटलीतल्या पावाचा घास घेतला. जबडा हलताना दिसला. त्यांनी गिळलं.

लाकडी घरांच्या वस्तीत बन घेतला. "केवढा?" "तुमच्या चेहऱ्याएवढा." "वेलदोडा?" "भरपूर. पुरणातला नाही, जाडसर कुटलेला. चावताना कण सापडतात, आणि सापडला की तोंडभर होतो." काकांनी कोपऱ्यावरच्या बेकरीतला गुलाबी साखरेचा बन उचलला, त्याच्याकडे तुच्छतेने बघितलं, आणि खाल्ला.

मग पूल. पुलाशी हेरिंगची गाडी नव्हती. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन आले. आहे म्हणून सांगावं, असं मनात आलं. चव त्यांना तशीही कळणार नव्हती. पण फोनमधून रस्ता दिसत होता.

"गाडी नाहीये, काका."

 त्यांच्या समोरच्या ताटलीत डब्यातली हेरिंग होती, कुठून कुठून शोधून आणलेली, उकडलेल्या बटाट्याशेजारी नीट मांडलेली. मला वाटलं, झालं. आता जेवण संपलं.

"मग काय आहे तिथे?"

"फलाफलची गाडी, छोल्यांचे वडे. सीरियातला माणूस दिसतोय."

"मग थांबलीस कशाला? घे."

"अहो, पण तुमची हेरिंग?"

"हेरिंग गेली. गावात जे आहे ते खायचं. जे होतं तेच खाणारा माणूस उपाशी मरतो. थांब, छोल्यांचा डबा असेल माझ्याकडे."

ते उठून गेले. फोनमध्ये नुसती रिकामी खुर्ची आणि फडताळ उघडल्याचा आवाज. गाडीवाल्याने विचारलं, कोण आहे. मी सांगितलं, माझे घरमालक. त्याने माझ्याकडे जरा विचित्र बघितलं, मग रोलमध्ये मुळ्याचं लोणचं जास्तीचं घातलं. काका डबा घेऊन परतले आणि डब्यातूनच चमच्याने छोले खायला लागले, मी सांगत असताना: बाहेरून कुरकुरीत, आत ओलसर हिरवं, कोथिंबीर आपल्या वडीसारखी, तीळ मागाहून चिकटतात. हेरिंगची ताटली त्यांनी हाताने बाजूला सारली.

शेवटी सॉसेज, खाली बटाट्याचा मऊ लगदा. मी पहिला घास घ्यायच्या आधीच काका म्हणाले, "बास, बाय. पोट भरलं."

कित्येक महिन्यांत हे त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. त्यांनी हात हलवला आणि फोन बंद झाला.

मी तिथे पावसात उभी होते, हातात कागदी ताटली. त्या गावात माझ्या ओळखीचं कोणी नव्हतं. सॉसेज टाकून देणं बरं नाही म्हणून संपवलं. बाकी सगळ्याची चव मी आजही सांगू शकेन. त्या सॉसेजची आठवत नाही.

त्या शनिवारनंतर वजन सावरलं. डॉक्टर म्हणाले, राहू दे आहेत तिथे. उन्हाळाभर आम्ही चाललो, थोडं थोडं, काठी घेऊन. पण फेब्रुवारीत ते न्हाणीघरात पडले, कंबरेचं हाड मोडलं, आणि मग कोणाच्या म्हणण्याचा प्रश्नच राहिला नाही. मुलीचं घर मॉसन लेक्सला आहे, त्याच्याजवळच्या वृद्धांच्या केंद्रात जागा मिळाली. निघताना गाडीत बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "तिथे पाणी कुठल्या बाजूला?"

"बंदर नाही, काका. तळं आहे."

"तळ्यात काय मिळतं?"

"बदकं."

"मग कठीण आहे," ते म्हणाले, आणि काच वर केली.

दर रविवारी दुपारी मी फोन करायची. हॉलमध्ये टीव्ही चालू असायचा, त्यांना नीट ऐकू यायचं नाही, ते "हूं" म्हणायचे आणि कोणीतरी फोन काढून घ्यायचं. आज मुलीने जेवणाच्या ताटाचा फोटो पाठवलाय. तीन गोळे: नारिंगी, हिरवा, पांढरा. सगळं वाटून मऊ केलेलं, आइस्क्रीमच्या चमच्याने काढलेलं. मी तो मोठा करून बघितला. गाजर, वाटाणे, बटाटा असावा. त्याची चव कोणी कोणाला काय सांगणार?

बर्फाचा एक मोठा तुकडा आत्ता सुटून पडला. उठायला हवं.

रविवार, १५ जून. सकाळी मी उपमा केला. ॲडलेड आमच्यापेक्षा अर्धा तास मागे, त्यामुळे घाई नव्हती, तरी फोडणीकडे लक्ष राहिलं नाही. मग केंद्रात फोन लावला. नेपाळी नर्स होती. तिला म्हटलं, टीव्हीपासून लांब ने आणि फोन कानाला धर. तिने खुर्ची ढकलल्याचा आवाज आला, दार लागल्याचा आवाज आला.

"त्यांच्यापुढे काय आहे?"

"पोरिज, मॅम. थंड होतंय."

"काका, मी बोलतेय."

काही नाही. हूंसुद्धा नाही. नुसता श्वास.

मी बशीतला एक घास घेतला. "उपमा आहे. रवा सुटा झालाय, पण जरा कोरडा. आल्याचे तुकडे मोठे राहिलेत, एक आत्ता दाताखाली आला, नाकापर्यंत गेला. लिंबू बरोबर पडलंय. मोहरी जळलीय."

नर्सने हळूच विचारलं, "शॅल आय कट द कॉल?" मी तिला थांब म्हटलं आणि दुसरा घास घेतला. काय सांगायचं राहिलं होतं ते शोधत होते.

"किती?" काका म्हणाले. आवाज गंजल्यासारखा आला.

"काय किती?"

"जळलीय. किती?"

"आधी एक चमचा तुम्ही घ्या," मी म्हटलं, "मग सांगते."

 पलीकडे चमचा वाडग्याला लागला. मी गिळल्याचा आवाज ऐकला आणि सांगायला लागले.